अंतर शून्य किलोमीटर

दिल्ली मी एकदाही पाहिली नाही, पण तिच्याकडे मागण्यात माझ्या नोकरीची निम्मी वर्षं गेली. नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयाच्या आरोग्य शाखेत माझं टेबल होतं. खिडकीकडे पाठ, समोर लोखंडी कपाट आणि कपाटावर फायलींचे गठ्ठे. केंद्राच्या योजनेतून जिल्ह्याला काय हवं, त्याचे प्रस्ताव मी तयार करायचे. मागच्या वर्षी निवृत्त झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ अजून खोक्यातच आहे.

हे काम कसं चालतं असं कुणी विचारलं की मी लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीचं उदाहरण द्यायचे. गाव आपली यादी तालुक्याला देतं, तालुका त्यातली निम्मी नावं कापून जिल्ह्याला देतो, जिल्हा मुंबईला, आणि मुंबई सगळ्या राज्याचा एक जाडजूड आराखडा बांधून दिल्लीला नेते. तिथे बैठक होते. एरवी आमच्यावर ओरडणारे आमच्या साहेबांचे साहेब तिथे हात जोडून बसतात म्हणे, आणि उरलंसुरलं तिथे कापलं जातं. जे मंजूर होतं त्याचे शंभरातले साठ दिल्ली देते, चाळीस राज्य घालतं. तेही एकदम नाही. पहिला हप्ता येतो, तो कामाला लागला असं प्रमाणपत्र राज्याने द्यायचं, मग दुसरा. आणि हे प्रमाणपत्र सगळ्या राज्याचं मिळून एकच असतं. एका जिल्ह्याचं एक काम रखडलं तरी सगळ्यांचं घोडं अडतं. पुढे जे झालं त्याचं मूळ या नियमात आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी डबा उघडत होते. पेठच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका गावच्या उपकेंद्राची आरोग्यसेविका. उपकेंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याचं सगळ्यात धाकटं पिल्लू. डॉक्टर नसतो, एक नर्स असते, ती लसी देते, बाळंतपणं करते आणि रजिस्टरं भरते. आम्ही या सगळ्यांना सिस्टर म्हणतो, तशी तीही माझ्या तोंडी कायम सिस्टरच राहिली. मूळची देवळ्याची, बोलणं तिकडचंच. नोकरीसाठी त्या डोंगरात गेली आणि नवरा वारल्यावरही तिथेच राहिली.

"मॅडम, माझं उपकेंद्र एका खोलीत हाय," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "भाड्याची खोली. तिथंच लसीचा डबा, तिथंच रजिस्टरं, आन बाई बाळंतपणाला आली की तिथंच सतरंजी. लाइट नाय, पाणी नाय. लय हाल होत्यात बायांचे."

मी म्हटलं, अर्ज तालुक्याला द्यायचा असतो, थेट जिल्ह्याला येणं शिस्तीत बसत नाही.

"दिलाय ना. चारदा दिलाय. म्हणून तर तुमच्याकडं आले."

मी पोळीचा तुकडा हातात धरून तिला नियम ऐकवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि समोरच्या खुर्चीत बसली. उठेचना. शेवटी लाजेकाजेस्तव मला विचारावं लागलं, जेवलात का? ती जेवली नव्हती. माझी भेंडी तिने खाल्ली, तिची नागलीची भाकरी मी खाल्ली, आणि एका डब्यात जेवल्यावर अर्ज परत करणं मला जमलं नाही.

खरं सांगायचं तर तो प्रस्ताव करायला मला मजा आली. मी फार मवाळ बाई नाही. कार्यालयात माझ्या तोंडाला सगळे टरकून असायचे, पण कागद मात्र माझा चोख. गावच्या एका म्हाताऱ्याने रस्त्यालगतची थोडी सपाट जमीन बक्षीस दिली. तिचा सातबारा सरकारच्या नावावर करायला तलाठ्याला मी इतके फोन केले की माझा नंबर दिसला की तो उचलेनासा झाला. प्रस्तावात 'इमारतीअभावी होणारी गैरसोय' असा एक रकाना असतो. त्यात वर्षानुवर्षं सगळे एकच वाक्य उतरवून काढायचे, 'रुग्णांची गैरसोय होते'. मी सिस्टरला फोन लावून विचारलं आणि पानभर लिहिलं. घाटाखालचं रुग्णालय किती लांब, जीप कुणाची, ती लग्नसराईत मिळते का, पावसाळ्यात रस्ता किती वेळा बंद होतो. मुंबईहून प्रस्ताव दोनदा परत आला. एकदा तर जागेच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही म्हणून. मी पट्टी घेऊन बाण काढला आणि पुन्हा पाठवला.

दिल्लीची मंजूर यादी आली तेव्हा मी गावाचं नाव बोट ठेवून शोधलं. होतं. सिस्टरला लगेच फोन केला. पुढच्या आठवड्यात ती नागलीच्या पापडांचं एवढं मोठं पुडकं घेऊन आली. लाच नको म्हणून मी ते सगळ्या शाखेत वाटलं. दोन डझन मात्र घरी नेले.

पहिल्या हप्त्यात काम सुरू झालं. जोतं झालं, खांब उभे राहिले. मग पावसात घाटातला रस्ता खचला, खडी वर जाईना, आणि ठेकेदाराने मिक्सर उचलून नेला तो परत आणलाच नाही. आम्ही नोटिसा काढल्या. तो दुसऱ्या जिल्ह्यात मोठं काम घेऊन बसला होता आणि फोनवर अत्यंत आदराने बोलायचा. होळीपर्यंत गावात जोतं, आठ खांब आणि वर आलेल्या गंजक्या सळया एवढंच होतं.

त्या मार्चमध्ये मुंबईने पडद्यावर सगळ्या जिल्ह्यांची बैठक घेतली. आम्ही आठ-दहा जण एका खोलीत, समोर राज्याचा नकाशा. ज्यांची कामं पूर्ण ते जिल्हे हिरवे, ज्यांची अपूर्ण ते लाल. नाशिक लाल होतं, एका कामासाठी. मुंबईचे साहेब शांतपणे म्हणाले, "नाशिक, तुमच्यासाठी आपलं प्रमाणपत्र थांबलंय. दुसरा हप्ता आला नाही तर कंत्राटी नर्सेसचे पगार मी कुठून देऊ?"

ते खोटं बोलत नव्हते. त्याच पैशातून राज्यभरच्या कंत्राटी नर्सेसचे पगार व्हायचे आणि ते थकले होते. आमच्याच इमारतीतल्या दोघी रोज दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहायच्या. काही मागायच्या नाहीत, 'आलं का काही?' एवढंच विचारायच्या. एकीने पोरीच्या शाळेची फी भरायला कानातले गहाण टाकले होते.

आता आमच्याकडे एक पद्धत होती. ती कुणी सुरू केली माहीत नाही, मी नोकरीला लागले तेव्हाही होती. एखादी इमारत होत आलेली असायची, रंग राहिलेला, नळ बसायचे राहिलेले. मार्च गाठायचा म्हणून ती 'पूर्ण' दाखवायची आणि शाखेच्या नोंदवहीत तिच्यापुढे पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे आपल्याला माहीत आहे, अजून बाकी आहे. काम उरकलं की टिंब खोडायचं. पेनातलं वरच्यांसाठी, पेन्सिलीतलं आपल्यासाठी. मी तोवर पुष्कळ टिंबं दिली होती आणि एकूण एक खोडली होती. त्याचा मला अभिमानच होता. कागदी घोडे सगळेच नाचवतात, पण माझे घोडे संध्याकाळी पागेत परत यायचे.

बैठक संपल्यावर आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, टिंब द्या आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, तिथे भिंतीसुद्धा नाहीत."

"एप्रिलमध्ये दुसरा ठेकेदार लावू. एका गावापायी सगळ्या राज्याचे पगार अडवायचे का? तुम्हीच सांगा."

मला भाग पाडलं असं मी सांगू शकते, ऐकणाऱ्यालाही ते पटेल. पण साहेबांनी मला विचारलं होतं, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या त्या दोघी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. सिस्टर तीन तासांवर होती.

संगणकावर काम 'पूर्ण' दाखवायचं तर इमारतीचा फोटो लागायचा. राज्यभर उपकेंद्रं एकाच नकाशाची, पिवळ्या भिंती, हिरवा पट्टा, दोन पायऱ्या. सटाण्याकडच्या एका उपकेंद्राचा फोटो माझ्याकडे होता, तो लावला. जागेचं ठिकाण आपोआप यायला हवं होतं, पण त्याखाली एक चौकोन होता, 'नेटवर्क उपलब्ध नाही'. त्यात खूण केली की ठिकाण विचारत नसत. मी खूण केली, 'पूर्ण' दाबलं आणि नोंदवहीत टिंब दिलं.

नाशिक हिरवं झालं. महिन्याभरात हप्ता आला, पगार झाले. त्या दोघींनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

एप्रिलमध्ये दुसऱ्या ठेकेदाराची फाइल केली तेव्हा कळलं की आपण काय करून बसलो. नोंदवही आमची होती, संगणकातली नोंद दिल्लीची होती. एकदा 'पूर्ण' झालेलं काम त्यात कुलूपबंद होत होतं. त्यावर पुढे एक पैसा खर्चता येत नव्हता. आधीच्या टिंबांना नवा पैसा लागलाच नव्हता, म्हणून हे कधी कळलं नव्हतं. कुलूप उघडायचं तर मुंबईने दिल्लीला लिहायचं, आणि तसं लिहिणं म्हणजे राज्याचं प्रमाणपत्र खोटं होतं अशी कबुली देणं. ते कोण लिहिणार? मी तीनदा टिपणी ठेवली. तिन्ही वेळा 'चर्चा करा' असा शेरा मारून परत आली. चर्चा म्हणजे साहेब चहा मागवायचे. मग त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, हे माझ्या काळातलं नाही. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात मी ते गाव पुन्हा घालायला गेले तर यंत्राने घेतलंच नाही. 'इमारत उपलब्ध', एवढंच लाल अक्षरांत यायचं.

मला वाटलं होतं, फार तर इमारत होणार नाही, आहे तसं चालू राहील. तेही राहिलं नाही. इमारत पूर्ण म्हटल्यावर तिचं सामान आपोआप निघालं. आधी कळस मग पाया तसं प्रसूतीचं टेबल, दोन खाटा, यंत्रांची खोकी आणि नावाचा निळा बोर्ड टेम्पोने गावात जाऊन पडला. सिस्टरचा फोन आला, "मॅडम, टेबल आलंय. कुठं ठेवू?" मी म्हटलं, शाळेत ठेवा तूर्त. मग स्वतःची इमारत आहे म्हणून खोलीचं भाडं बंद झालं. मालक भला माणूस, चार महिने थांबला, नंतर त्याने तिथे भाताची पोती टाकली. सिस्टरने लसीचा डबा आणि रजिस्टरं आपल्या घराच्या ओट्यावर आणली. दर वेळी ती फोन करायची आणि दर वेळी मी म्हणायचे, पुढच्या आराखड्यात बघू. ती माझ्यावर एकदाही चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

श्रावणात एका सकाळी तिचा फोन आला. आवाज बसला होता. गावातल्या एका मुलीचं पहिलंच बाळंतपण, पहाटे कळा सुरू झाल्या, नवऱ्याचा हात धरून ती सिस्टरच्या दारात आली. बाळाने पोटात घाण केली होती, ओट्यावर अंधारात बाळंतपण करायची सिस्टरची हिंमत झाली नाही. जीप मिळवली. घाटात दरड आलेली होती, तिथेच जीपमध्ये मुलगी झाली.

"रडलीच नाय, मॅडम. तोंडाने ओढून बघितलं, उलटी धरून बघितली. ते घाण ओढायचं यंत्र आलंय आपल्याकडं, खोक्यात हाय. लाइटच नाय तर लावू कुठं?"

मी विचारलं, आई कशी आहे? आई बरी होती.

अर्भक दगावलं की त्याचा अर्ज भरावा लागतो. तो राज्याकडून दिल्लीला जातो, कारण पैसे दिले की दिल्ली पैशांसारखा बाळांचाही हिशोब मागते. त्यात उशिराचं कारण तीनपैकी एक निवडायचं. पहिलं, घरच्यांनी निर्णय घ्यायला उशीर केला. दुसरं, दवाखान्यापर्यंत पोचायला उशीर झाला. तिसरं, दवाखान्यात उपचार मिळायला उशीर झाला. दोन दिवसांनी सिस्टरने पुन्हा फोन केला.

"मॅडम, दुसरं घेतच नाय. मी चार वेळा दाबलं."

मी माझ्या संगणकावर तो अर्ज उघडला. जवळच्या प्रसूती केंद्राचं अंतर यंत्राने स्वतःच भरलं होतं, शून्य किलोमीटर. केंद्र गावातच आहे, तर पोचायला उशीर होईलच कसा? तिसरंही बंद होतं, कारण ती बाई केंद्रात दाखल झाल्याची नोंदच नव्हती. उरलं पहिलं. मी ते शून्य खोडून पाहिलं, पुन्हा आलं. त्या गावाचं खरं अंतर मीच एकदा प्रस्तावात लिहिलं होतं.

"पहिलं भरा," मी म्हटलं.

"ती तर पहाटंच माझ्या दारात आली होती, मॅडम. घरच्यांनी काय उशीर केला?"

"माहीत आहे मला. भरा."

तिने भरलं. त्या दिवशी मी घरी जाऊन स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि नवऱ्यावर भाजीच्या मिठावरून इतकी ओरडले की तो ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. खरं काय ते त्याला आजही सांगितलेलं नाही.

पुढच्या आराखड्याच्या वेळी मुंबईने असे सगळे अर्ज एकत्र केले. दिल्लीचा अभिप्राय आला की ज्या गावांत सुविधा असूनही कुटुंबं तिचा लाभ घेत नाहीत, तिथे जनजागृतीचे मेळावे घ्यावेत, निधी मागावा. आमच्या यादीत ते गाव होतंच. प्रस्ताव मीच लिहिला. 'समाजातील अज्ञान व गैरसमजुती' असं एक वाक्य त्यात आहे, तेही माझंच. मुंबईने एक त्रुटी काढली नाही, दिल्लीने एक रुपया कापला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतक्या लवकर मंजूर झालेला दुसरा प्रस्ताव नाही.

मेळाव्यावर देखरेख करायला जिल्ह्याचं कुणीतरी जावं लागतं. मी गेले. ते गाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं ते माझ्यासाठी यादीतला एक क्रमांक होतं. मांडव जोत्यावरच घातला होता, कारण गावात तेवढी एकच सपाट जागा. सळयांना पताका बांधल्या होत्या. सिस्टर पुढे आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आलात ना, बरं झालं." मला तिच्याकडे बघवेना.

पन्नासेक बाया सतरंजीवर बसल्या होत्या. पहिल्या रांगेत एक लहानखुरी मुलगी होती, असेल वीस-एकवीसची. सिस्टरने हळूच सांगितलं, ही तीच. जिच्या घरी असं घडलं तिला बोलावलंच पाहिजे, असं कार्यक्रमाच्या सूचनांमध्येच होतं. तालुक्याचे साहेब बोलायला उभे राहिले. घरी बाळंतपण करू नका, कळा सुरू झाल्या की अंगावर काढू नका, सरकारने तुमच्या दारात सोय केली आहे, ती वापरा. सिस्टर एकेक वाक्य बायांना त्यांच्या बोलीत सांगत होती. साहेबांनी शेवटी विचारलं, बाळंतपण कुठे करायचं? बाया एका आवाजात म्हणाल्या, उपकेंद्रात. ती मुलगीही म्हणाली.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. हातातला कागदी कप तिने तोंडाला लावलेला नव्हता. माझ्याशी बोलायचं म्हणून तिने शाळेतली मराठी काढली.

"म्हंजे माझंच चुकलं का, बाई?"

सिस्टर शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. नाही म्हणायला मला एक शब्द लागला असता. पण पाठीमागे तालुक्याचे साहेब फोटो काढत उभे होते आणि माझी निवृत्ती चार महिन्यांवर होती.

"पुढच्या वेळी लवकर निघायचं," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि हो म्हणाली.